न भरणारी जखम : ग्रामीण वैद्यकीय सेवेत त्वचेच्या कर्करोगाची तपासणी

वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, शिबिरे आणि जमाखर्च यांचा तपशील असतोच. त्याबरोबर दैनंदिन कामातून सुचलेल्या एखाद्या विषयाचा अभ्यास वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते. या खेपेस बाह्यरुग्ण विभागात त्वचेच्या कर्करोगाची तपासणी कशी करावी, हा विषय आम्ही घेतला आहे. जानेफळ व मेहकर तालुक्याच्या परिसरात वैद्यकीय व्यवसाय करणारे आमचे सहकारी, परिचारिका, आशा कार्यकर्त्या आणि रुग्णालयाचे हितचिंतक, या सर्वांसाठी हा लेख असल्याने भाषा शक्य तितकी सोपी ठेवली आहे.

हा रोग आपल्याकडे कोठे आढळतो, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. भारतात आढळणाऱ्या एकूण कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा अल्प, म्हणजे एक-दोन टक्क्यांच्या आसपास धरला जातो. तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग त्याहून कितीतरी अधिक आहेत. तरीही या विषयाकडे वळण्याचे एक कारण आहे. फुप्फुसातील वा पोटातील गाठ यंत्राशिवाय दिसत नाही. त्वचेवरची गाठ मात्र नुसत्या डोळ्यांना दिसते. वेळेवर ओळखल्यास बहुतेक वेळा लहानशा शस्त्रक्रियेने ती पूर्ण बरी होते. असे असूनही रुग्ण उशिरा येतात आणि पुष्कळदा तो उशीर दवाखान्याच्या आतच झालेला असतो. तो कसा होतो आणि कसा टाळता येईल, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे.

१. पुस्तकातील रोग आणि आपल्याकडील रोग

त्वचेच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिला बेसल सेल कर्करोग. तो हळूहळू वाढतो, बहुधा चेहऱ्यावर होतो, दूर क्वचितच पसरतो. पण दुर्लक्ष केल्यास नाक, पापणी वा कान पोखरून टाकतो. दुसरा स्क्वेमस सेल कर्करोग. हा त्वचेच्या वरच्या थरातील पेशींपासून होतो आणि जवळच्या लसिका-गाठींत, म्हणजे काखेतील, जांघेतील वा मानेतील अवधाणांत उतरू शकतो. तिसरा मेलॅनोमा. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कर्करोग संख्येने कमी, परंतु सर्वांत घातक आहे.

वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतील बरीचशी वर्णने गोऱ्या त्वचेच्या लोकांवरून लिहिलेली आहेत. त्यांच्यात उन्हातील अतिनील किरणे हे या रोगाचे प्रमुख कारण असते. मेलॅनोमा ओळखण्यासाठी १९८५ मध्ये न्यूयॉर्क येथील डॉक्टरांनी तिळाचा आकार, कडा, रंग व व्यास पाहण्याची पद्धत मांडली आणि पुढे २००४ मध्ये तिच्यात तिळात होणारा बदल हा पाचवा मुद्दा जोडला गेला. ही पद्धत उपयुक्त आहे. परंतु आपल्या सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य उन्हापासून बरेच संरक्षण देते. त्यामुळे आपल्या शेतकऱ्याच्या उघड्या पाठीवरील तीळ तपासत बसल्याने फारसे हाती लागत नाही. आपल्याकडे हा रोग पुष्कळदा अशा जागी होतो, जेथे ऊन पोहोचतच नाही : कमरेवर कपड्याच्या गाठीखाली, भाजल्याच्या जुन्या वणात, वर्षानुवर्षे वाहणाऱ्या जखमेत आणि तळपायावर. तपासणीची दिशा या जागांनी ठरली पाहिजे.

२. पोशाखाची गाठ : १९४५ ते २०२४

एखाद्या सवयीचा आणि कर्करोगाचा संबंध असू शकतो, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वी कळले आहे. इंग्लंडमधील शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणावरील त्वचेचा कर्करोग काजळीमुळे होतो, असे दाखवून दिले. काश्मीरमध्ये थंडीपासून बचावासाठी अंगरख्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी बाळगतात. तिच्या उष्णतेने पोटावर व मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाकडे डॉ. एल्म्स्ली यांनी १८६६ मध्ये लक्ष वेधले.

याच परंपरेतील एक महत्त्वाचे काम मुंबईत झाले. टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी डॉ. सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. भारतीयांच्या सवयींशी निगडित अशा तीन कर्करोगांचे त्यात वर्णन होते. त्यांपैकी एक धोतराच्या कर्करोगाचा होता. धोतर वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट आवळून नेसल्याने तेथील त्वचा काळवंडते, जाड होते, तिच्यावर खवले धरतात आणि काही थोड्या लोकांत पुढे तेथेच कर्करोग होतो, असे निरीक्षण त्यामागे होते. स्त्रियांच्या बाबतीत हेच चित्र आढळल्यावर ‘साडीचा कर्करोग’ हे नावही पुढे वैद्यकीय नियतकालिकांत आले.

हा विषय अगदी अलीकडे पुन्हा चर्चेत आला तो आपल्या विदर्भातून. वर्धा येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय व बिहारमधील मधुबनी वैद्यकीय महाविद्यालय येथील डॉक्टरांनी २०२४ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. पहिली ७० वर्षांची. तिच्या उजव्या कुशीवर दुखरी जखम होती. दीड वर्ष झाले तरी ती भरत नव्हती आणि भोवतालच्या त्वचेचा रंग गेला होता. तिने आयुष्याचा मोठा काळ नऊवारी घट्ट नेसण्यात घालविला होता. दुसरी स्त्री साठीच्या उत्तरार्धातील. तिची जखम दोन वर्षांची होती. सुमारे ४० वर्षे ती रोज परकराशिवाय लुगडे कमरेला आवळून नेसत होती. दोघींनाही स्क्वेमस सेल कर्करोग निघाला आणि दुसरीच्या बाबतीत तो जांघेतील अवधाणापर्यंत पोहोचला होता. दोष साडीच्या कापडाचा नसून कमरेवरील आवळणीचा आहे, हे स्पष्ट व्हावे म्हणून या डॉक्टरांनी ‘परकराचा कर्करोग’ हे नाव अधिक योग्य मानले.

या दोन हकीकतींतील ‘दीड वर्ष’ आणि ‘दोन वर्षे’ हे आकडे वाचकांनी ध्यानात ठेवावेत. लुगडे नेसणाऱ्या वृद्ध स्त्रिया आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांतील कोट्यवधींना कधीच काही होत नाही आणि नोंदविलेले रुग्ण थोडे आहेत, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. लुगडे वा साडी सोडण्याचेही कारण नाही. परंतु कमरेवरची जखम महिनोन्महिने भरत नसेल, तर ‘नाडीनं काचलं’ या उत्तरावर समाधान मानता येणार नाही.

३. वणात उठणारी जखम

कातडी पुनःपुन्हा सोलली जाते, पुनःपुन्हा भरते. प्रत्येक वेळी तेथील पेशींना नव्याने वाढावे लागते. वर्षानुवर्षे हेच चालत राहिले तर एखाद्या वेळी पेशींची वाढ ताब्याबाहेर जाते. जुन्या वणात वा जुन्या जखमेत होणाऱ्या अशा कर्करोगाला मार्जोलिन यांची जखम म्हणतात. फ्रेंच शल्यविशारद झां-निकोला मार्जोलिन यांनी १८२८ मध्ये वणांत उठणाऱ्या अशा जखमांचे वर्णन केले होते. पुढे १९०३ मध्ये त्यांचे नाव या विकाराला मिळाले. कमरेवरील वरील दोन्ही जखमाही याच वर्गातील.

भाजल्याच्या वणात हा रोग होण्यास सरासरी ३० वर्षांच्या आसपास काळ लागतो, असे बहुतेक अभ्यासांत दिसते. त्यामुळे रुग्णाला स्वतःला या दोन गोष्टींचा संबंध सुचत नाही. लहानपणी चुलीत पाय पडलेला असतो, किंवा पदराने पेट घेतलेला असतो. कलम न लावता तशीच भरलेली, आखडलेली, पातळ कातडी सांध्यावर ताणली जाते व वारंवार फाटते. पन्नाशीत त्याच जागी कोंबडीच्या तुऱ्यासारखे मांस वर आले, दुर्गंधी येऊ लागली, सहज रक्त येऊ लागले, तर ते ‘जुनेच दुखणे’ नसते. उन्हामुळे होणाऱ्या स्क्वेमस सेल कर्करोगापेक्षा वणातील कर्करोग अधिक आक्रमक असून अवधाणांत अधिक वेळा उतरतो.

भाजल्याच्या वणाखेरीज हाडातील जुन्या पूचे वाहते तोंड, पायावरील फुगलेल्या शिरांची जुनी जखम, त्वचेचा जुनाट क्षय आणि कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या पावलावरील जखम यांतही हा बदल होऊ शकतो. कुष्ठरोगाच्या कामाची मोठी परंपरा विदर्भाला आहे. वर्ध्याजवळील दत्तपूर आणि वरोऱ्याचे आनंदवन ही नावे सर्वांस परिचित आहेत. औषधोपचाराने जंतू नाहीसे झाले तरी पावलाचा बधिरपणा पुष्कळांत कायम राहतो. अशा पावलाची जखम दुखत नाही, म्हणून तिच्यातील बदल पाहणाऱ्यानेच ओळखावा लागतो.

४. तळपाय, चेहरा आणि झाकलेल्या जागा

मेलॅनोमा भारतीयांत कमी असला तरी तो होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर, टाचेवर किंवा नखाखाली होतो. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांचे १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी निधन झाले. त्यांच्या रोगाची सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाली होती. अनवाणी वा साध्या चपलेने शेतात वावरणाऱ्या माणसाच्या पायाला काटा, ठेच, कुरूप या नित्याच्या गोष्टी आहेत. तळपायावरचा पसरणारा काळा डाग ‘काट्याची जागा’ म्हणून राहून जातो. नखातील काळी पट्टी ‘मार लागला’ म्हणून राहते. मार लागल्याचा काळेपणा नख वाढेल तसा पुढे सरकतो. रंगपेशींची पट्टी जागची हलत नाही, उलट रुंद होते आणि कधी नखाच्या मुळाशी कातडीवरही उतरते. हा फरक प्रत्येक परिचारिकेस ठाऊक असावा. असे कुरूप किंवा डाग ब्लेडने कापणे, तेजाबाने जाळणे वा बिब्बा लावणे कटाक्षाने टाळावे.

चेहऱ्यावरील बेसल सेल कर्करोग आपल्या त्वचेत बहुधा काळसर दिसतो, म्हणून तो तीळ समजला जातो. नाकाशेजारी, डोळ्याच्या कोपऱ्यात असा चकचकीत काळा उंचवटा असेल, मध्ये खळगा पडून खपली धरत असेल व खपली पडल्यावर पुन्हा रक्त येत असेल, तर उन्हाने वा चष्म्याच्या दांडीने झालेली जखम असे समजून सोडू नये.

नायट्याचे मलम महिनोन्महिने लावूनही न जाणारा एकच एक खवलेदार चट्टा हाही संशयास्पद मानावा. त्वचेच्या वरच्या थरापुरता मर्यादित असलेला कर्करोग असाच दिसतो. पुरुषांच्या जननेंद्रियावरील न भरणारी जखम तर लाजेपायी वर्षभर लपविली जाते. तिच्याविषयी प्रश्न डॉक्टरांनीच काढावा लागतो.

दोन गट विशेष काळजीचे आहेत. जन्मतःच ज्यांची त्वचा, केस व भुवया पांढऱ्या असतात, त्यांच्या त्वचेत संरक्षक रंगद्रव्य नसते. उन्हात शेतकाम केल्यास तरुण वयातच त्यांना हा रोग होऊ शकतो. कोड हा याहून वेगळा विकार आहे. दोहोंची गल्लत करू नये. दुसरा गट लहान मुलांचा. नात्यातील विवाहांत क्वचित आढळणाऱ्या एका आनुवंशिक विकारात अगदी लहानपणीच उन्हाने डोळे झोंबतात आणि चेहऱ्यावर, हातांवर दाट ठिपके येतात. अशा मुलास ऊन वर्ज्य करून त्वरित तज्ज्ञाकडे पाठवावे.

५. सर्वांचीच तपासणी करावी काय?

शिबिर भरवून गावातील प्रत्येकाची त्वचा तपासावी, अशी सूचना कोणीही सदिच्छेने करील. या बाबतीत जगाचा अनुभव पाहणे योग्य ठरेल. जर्मनीने २००८ पासून ३५ वर्षांवरील नागरिकांना दर दोन वर्षांनी त्वचातपासणीची सोय उपलब्ध करून दिली. ऑस्ट्रेलियात, जेथे गोऱ्या कातडीचे लोक कडक उन्हात राहतात, सामान्य डॉक्टरांच्या कामाचा मोठा भाग त्वचातपासणीचा असतो. उलट, अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञ मंडळाने २०२३ मध्ये असा निर्णय दिला की, कोणतीही तक्रार नसलेल्या सर्वच लोकांची नुसत्या डोळ्यांनी त्वचातपासणी केल्याने होणारा लाभ व तोटा ठरविण्यास पुरावा अपुरा आहे. भारताच्या असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही कर्करोगांपैकी तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी आहे, त्वचेची नाही. रोगाचे प्रमाण पाहता ते योग्यच आहे.

तेव्हा सरसकट तपासणीचा आग्रह आम्ही धरीत नाही. जो रुग्ण दुसऱ्या कारणाने समोर आलाच आहे, आणि ज्याच्या अंगावर वर सांगितलेल्यांपैकी एखादी जागा आहे, त्याची ती जागा कपडा बाजूला करून पाहावी, एवढाच आमचा आग्रह आहे. यास यंत्र लागत नाही. पाच मिनिटे, चांगला उजेड आणि थोडा संकोच दूर करणे लागते.

६. पाच मिनिटांची तपासणी

पुढील प्रसंग कोणा एका व्यक्तीचा नाही. ग्रामीण दवाखान्यात सहज घडावा असा आहे. बाजाराच्या दिवशी एक आजी रक्तदाबाच्या गोळ्या घेण्यास येतात. रक्तदाब पाहिला जातो, गोळ्या लिहून होतात. उठता उठता त्या म्हणतात, “डॉक्टरसाहेब, कमरेला लावायला एखादं मलम द्या. नाडीनं काचलं आहे.” बाहेर गर्दी असते. मलम लिहून दिले जाते. पुढच्या महिन्यात पुन्हा मलम, त्याच्या पुढच्या महिन्यात मलमपट्टी. कंबर मात्र कोणी पाहिलेली नसते.

त्या वेळी एवढेच विचारावयास हवे होते : “आजी, किती दिवस झाले याला? मध्ये कधी पूर्ण भरली होती का? सिस्टर सोबत आहेत, जरा गाठ सैल करून दाखवता का?” आमचा अनुभव असा की, सोबत परिचारिका असली, पडदा ओढला आणि कारण समजावून सांगितले, तर वृद्ध स्त्रिया सहसा नकार देत नाहीत. नकार येतो तो घाईला.

पाहताना पुढील क्रम ठेवावा.

(अ) कमरेभोवती दोन्ही कुशी व पाठीमागील बाजू पाहावी. पुरुषांत धोतराची, पायजम्याच्या नाडीची व करदोड्याखालची जागा पाहावी. काळवंडलेली, जाड झालेली किंवा रंग गेलेली कातडी असल्यास नोंद करावी. रंग गेलेला पट्टा म्हणजे कोड असे लगेच ठरवू नये.

(आ) अंगावर जुना भाजल्याचा वण, डागणी वा मोठी जुनी जखम आहे काय, हे विचारून ती जागा पाहावी.

(इ) दोन्ही तळपाय, बोटांच्या बेचक्या व नखे पाहावीत. मधुमेहाच्या रुग्णाचे पाय आपण तपासतोच. त्याच वेळी काळ्या डागाकडेही लक्ष द्यावे.

(ई) जखम असल्यास मोजपट्टीने लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून लिहावी. कड वर उचललेली, बाहेर वळलेली आहे काय? बोटाने दाबल्यास टणक लागते काय? स्पर्शाने रक्त येते काय?

(उ) अवधाणे चाचपावीत. बेंबीच्या पातळीखालील त्वचेची लसिका जांघेकडे व वरच्या त्वचेची काखेकडे जाते. कमरेची जखम या सीमेवर असल्याने जांघ आणि काख दोन्ही पाहाव्यात.

७. तुकडा केव्हा आणि कसा घ्यावा

जखम भरण्याच्या आड मधुमेह, रक्तपुरवठ्याची कमतरता, कुपोषण अशी अनेक कारणे असतात. रक्तातील साखर तपासावी, जखम स्वच्छ करावी, कारणाचा उपचार करावा. कमरेच्या जखमेत आवळणी बंद करावी. परंतु या सर्वांना मुदत असावी. आम्ही असा नियम सुचवितो : योग्य उपचारानंतर चार ते सहा आठवड्यांत जी जखम स्पष्टपणे लहान होत नाही, तिचा तुकडा तपासणीस गेलाच पाहिजे. कड वर आलेली असेल, मांस वाढत असेल किंवा वणात नवीन जखम उठली असेल, तर ही मुदतही पाहू नये. साखर अधिक आहे म्हणून तुकडा लांबणीवर टाकू नये. दोन्ही गोष्टी सोबत होऊ शकतात.

तुकडा जागा बधिर करून, जखमेच्या उंचावलेल्या कडेतून, थोडी निरोगी कातडी सोबत येईल असा घ्यावा. जखम मोठी असल्यास दोन-तीन जागांचे तुकडे घ्यावेत. मधला कुजलेला भाग पाठविला तर अहवालात केवळ ‘दाह’ एवढेच येते आणि सर्वांची फसगत होते. तुकडा १० टक्के फॉर्मालिनमध्ये, रुंद तोंडाच्या बाटलीत, नाव व जागा लिहून पाठवावा. सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा खराब होतो. सोबतच्या कागदावर ‘कमरेची जखम’ एवढेच न लिहिता ती किती जुनी, पूर्वी तेथे काय होते, पोशाख कोणता, हेही लिहावे. अहवाल निर्दोष आला पण जखम संशयास्पदच वाटत असेल, तर तुकडा पुन्हा घ्यावा. एका निर्दोष अहवालाने रुग्णास मोकळे करू नये.

मेलॅनोमाचा संशय असलेल्या डागास मात्र स्थानिक पातळीवर हात न लावता तो तज्ज्ञाकडे पाठवावा. शक्यतो तो संपूर्ण डाग काढूनच तपासला जातो, कारण त्याची खोली किती यावर पुढील उपचार ठरतो.

निदान झाल्यावर पुढील मार्ग कळविणे हेही आपलेच काम आहे. अकोला येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूर येथील राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय ही ठिकाणे आपल्या रुग्णांना उपलब्ध आहेत. कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे. शिधापत्रिका व आधारपत्र सोबत नेण्यास सांगावे. चिठ्ठी हातात देऊन काम संपत नाही. रुग्ण तेथे पोहोचला काय, याची विचारणा पंधरा दिवसांनी व्हावी.

८. उशीर कोठे होतो

रुग्ण हळद, चुना, राख लावून काही काळ घरी काढतो, हे खरे. परंतु सर्व दोष त्याच्यावर ढकलणे न्यायाचे होणार नाही. मलमपट्टीच्या नोंदवहीत एकच नाव महिन्यामागून महिना येत राहते आणि ते का येत आहे, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. ही उणीव आम्हां वैद्यकीय सेवकांची आहे. पट्टी बदलणारी व्यक्ती रोज वेगळी असते, डॉक्टर वहीवर सही करतात, जखम झाकलेली राहते. यास उपाय साधा आहे. नोंदवहीत ‘जखम सुरू झाल्याचा दिनांक’ आणि ‘आजचे माप’ असे दोन रकाने वाढवावेत. सहा आठवडे उलटलेल्या प्रत्येक नावावर परिचारिकेने लाल खूण करावी आणि त्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी स्वतः सोडून पाहावी. रुग्णाच्या संमतीने जखमेशेजारी मोजपट्टी धरून घेतलेले छायाचित्रही उपयोगी पडते.

आशाताईंनी घरभेटीत एकच प्रश्न विचारावा : “घरात कोणाला दीड महिन्यात न भरलेली जखम आहे का?” या प्रश्नाने केवळ कर्करोग नव्हे, तर मधुमेह, कुष्ठरोग आणि क्षय यांचेही रुग्ण लवकर हाती लागतील. म्हणून तो श्रम वाया जाणार नाही.

माताभगिनींस आमची विनंती अशी की, परकराची वा लुगड्याची गाठ रोज एकाच जागी आवळू नये. बारीक नाडीऐवजी रुंद पट्टा वापरावा. रात्री गाठ सैल करावी. घामाची जागा धुऊन कोरडी ठेवावी. काळवंडलेल्या जागी खाज सुटत असेल, तर दुकानातून आणलेले मलम परस्पर लावू नये. भाजलेल्या मुलास सुरुवातीसच योग्य उपचार व आवश्यक तेथे कातडीचे कलम मिळाले, तर पुढे तीस वर्षांनी येणारे संकट टळू शकते, हेही पालकांनी लक्षात घ्यावे.

९. समारोप

डॉ. खानोलकरांच्या निबंधास ८० वर्षे होऊन गेली. कमरेवरील जाड झालेली कातडी पुढे काय रूप घेऊ शकते, हे तेव्हापासून आपल्या शास्त्रास ठाऊक आहे. तरीही २०२४ च्या हकीकतीतील एका स्त्रीची जखम दीड वर्षाची आणि दुसरीची दोन वर्षांची होती. या काळात सूक्ष्मदर्शक सुधारले, शस्त्रक्रिया सुधारल्या, योजनाही आल्या. उरलेले काम आपल्या हाती आहे आणि ते महागडे नाही. पडदा ओढणे, गाठ सैल करावयास सांगणे, जखम मोजणे आणि सहा आठवड्यांनंतर तुकडा पाठविणे, एवढ्या चार गोष्टी आमच्या परिसरातील प्रत्येक दवाखान्यात नियमाने होऊ लागल्या, तर या लेखाचा हेतू सफल झाला असे आम्ही समजू.

आपल्या घरातील आजी-आजोबांच्या कमरेवर, वणावर वा पावलावर अशी जुनी जखम असल्यास त्यांना संकोच न करता रुग्णालयात घेऊन यावे, ही सर्व वाचकांस नम्र विनंती.